नदीची वाळू मिळत नाही, क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) स्लॅब टाकला तर चालेल का? आणि सोलापूरच्या उन्हात क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) कसं करावं?

तुमचं घर जुळे सोलापुरात चालू आहे, ठेकेदार क्रश सँड म्हणतोय, वडील भीमेच्या वाळूवर अडून बसलेत आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. मी इथेच साइटवर काम करतो, म्हणून आधीच सांगतो: क्रश सँड बिनधास्त वापरा. घोर लावून घ्यायचाच तर पाण्याचा घ्या.

भीमेची म्हणून रात्री येऊन पडणाऱ्या वाळूत ओढ्यातला मातकट मालही खपवला जातो. मुठीत चोळून बघा, तळहाताला चिकट गाळ राहिला तर गाडी परत पाठवा. क्रश सँड आपल्याच काळ्या दगडाची, आयएस ३८३ मानकात बसणारी. पण क्रशरवरची कच म्हणजे क्रश सँड नव्हे. खडी फोडताना खाली उरते ती कच. तिच्यात चपटे कण आणि पीठ फार. व्हीएसआय मशीनमधून (दगड आपटून फोडणाऱ्या) निघालेला, धुतलेला माल मागा, त्याचा दाणा चौकोनी असतो. क्रश सँड बाटलीत पाण्यात हलवून ठेवली की वर पिठाचा थर दिसतो, त्याला लगेच घाबरू नका. ते दगडाचं पीठ आहे, माती नाही; १५० मायक्रॉनच्या चाळणीतून २० टक्क्यांपर्यंत माल गेलेला मानकाला चालतो. गिलाव्याला मात्र बारीक प्लास्टर सँड वेगळी घ्या.

क्रश सँडचा खरा त्रास एकच. दाण्याला कोपरे असतात, माल घट्ट वाटतो आणि मिक्सरवरचा माणूस सरळ पाण्याची बादली ओततो. सिमेंटच्या एका पोत्याला २५ ते २७ लिटर, तेही वाळूतला ओलावा धरून. माल सरकत नसेल तर प्लास्टिसायझर (माल सैल करणारं रसायन) घाला, पाणी नको. (फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज प्रकल्पाची राख वाळूऐवजी घाला, असं कुणी सुचवेल. फ्लाय ॲश सिमेंटच्या जागी जाते, वाळूच्या नाही.)

आता पाणी. आयएस ४५६ मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटचं काँक्रीट किमान ७ दिवस ओलं ठेवायचं, कोरड्या गरम हवेत १०. राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला किमान १० आणि शक्यतो १४. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे १४ च धरा. स्लॅब भल्या पहाटे सुरू करा, त्याआधी सेंट्रिंगवर (स्लॅबखालच्या साच्यावर) पाणी मारा. फिनिशिंग होऊन वरचं पाणी दिसेनासं झालं की लगेच प्लास्टिक अंथरा. पहिल्या दोन-तीन तासांतच गरम वारा पृष्ठभाग ओढून घेतो आणि केसासारख्या भेगा पडतात. मग लोक वाळूला शिव्या देतात.

दुसऱ्या दिवशी वाफे करून दोन इंच पाणी भरा. हजार चौरस फुटाला साधारण ४,७०० लिटर लागतं, म्हणजे पाच हजाराचा एक टँकर. रोज सेंटिमीटरभर उडालं तरी हजार लिटरची भर घालावी लागेल. तेवढं झेपत नसेल तर ओलं बारदान आणि त्यावर प्लास्टिक, पाणी बरंच वाचतं.

हाल होतात ते कॉलमचे. सकाळ-संध्याकाळ पाइपने फवारा मारला की क्युरिंग झालं असं समजतात, आणि तासाभरात कॉलम पांढराफटक. फर्मा काढल्या काढल्या बारदान गुंडाळा, वर प्लास्टिक बांधा आणि माथ्यावर बारीक भोक पाडलेला कॅन ठेवा. क्युरिंग कंपाउंडने (ओलावा उडू न देणाऱ्या लेपाने) पाणी वाचतं, पण मेणाचं असेल तर त्यावर गिलावा धरत नाही. गिलावा होणार तिथे ते नको.

आणि ठेकेदाराच्या दरात पाणी कोणाचं, हे स्लॅबच्या आधी कागदावर घ्या. बहुतेक वेळा 'पाणी मालकाचं' असतं, टँकरला उशीर झाला की तो हात वर करतो.