द्राक्षबागेवरचा कागद दोन हंगामांत फाटतो, शेततळ्याचा टिकतो. दोन्ही पॉलिथिनच असताना असे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेवर पारदर्शक कागद टाकला. तीन वर्षे चालेल असे सांगून तो विकला गेला, पण दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस कडक पडून तारेच्या रेषेत फाटायला लागला. त्याच रानातल्या शेततळ्याचा काळा कागद मात्र सहा वर्षांनीही धड आहे. असे का, आणि नवा घेताना काय पाहावे?

आधी उत्तर सांगतो, मग कारण. बागेवरचा कागद नुसत्या उन्हाने गेलेला नाही. उन्हापासून राखण करणारे जे रसायन त्यात मिसळलेले असते, ते आधी निकामी झाले. आणि तुम्ही भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक फवारत असाल तर ते निकामी करण्यात गंधकाचा मोठा वाटा असणार. शेततळ्याच्या कागदात राखणीला काजळी असते. गंधक तिचे काही बिघडवू शकत नाही.

दोन्ही कागदांचा कच्चा माल एकच, इथिलीन वायू. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात नागोठण्याला नैसर्गिक वायूतून आलेले इथेन आणि प्रोपेन वाफेबरोबर ८०० अंशांच्या वर तापवून तो काढतात. इथिलीनच्या रेणूत दोन कार्बन आणि त्यांच्यामध्ये दुहेरी बंध. या दोनांतला एक बंध घट्ट असतो, दुसरा त्या मानाने ढिला. ढिला बंध उघडला की रेणूचे दोन्ही हात मोकळे होतात आणि शेजारच्या रेणूंना धरतात. असे हजारो रेणू ओळीने जोडले की पॉलिथिन. ही जोडणी होताना भरपूर उष्णता सुटते, किलोमागे सुमारे ३,३०० किलोज्यूल. एक लिटर गार पाण्याची पूर्ण वाफ करूनही ती उरेल. म्हणून कारखान्यात खरी कसोटी लागते ती उष्णता वेळेवर काढून नेण्याची. (हाच वायू तुमच्या बागेतही असतो. ऑक्टोबर छाटणीआधी पानगळीसाठी इथेफॉन फवारता, ते पानात शिरून फुटते आणि इथिलीन सोडते.)

जोडणी कशी केली यावर मालाचा स्वभाव ठरतो. १९३३ साली इंग्लंडमध्ये विनिंग्टनच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट या रसायनशास्त्रज्ञांना प्रचंड दाबाखाली हा मेणासारखा पांढरा पदार्थ प्रथम मिळाला. त्या रीतीने, म्हणजे हजार ते तीन हजार बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) दाबाखाली केलेल्या साखळीला जागोजागी फांद्या फुटतात. फांद्यांमुळे साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत आणि माल मऊ, हलका होतो: एलडीपीई, घनता ०.९२ च्या आसपास (पाण्याची १). १९५३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ झीग्लर यांनी टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमची संयुगे उत्प्रेरक म्हणून वापरून कमी दाबावर जवळजवळ बिनफांद्यांची सरळ साखळी केली. ती एचडीपीई, घनता ०.९४ ते ०.९६, ताठ आणि ओढीला मजबूत. तिसरा प्रकार एलएलडीपीई: सरळ साखळीत ब्युटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन थोडे मिसळून मुद्दाम आखूड फांद्या ठेवलेल्या. टोचण्याला आणि चिरण्याला तो चांगला तोंड देतो, म्हणून ठिबकच्या नळ्या आणि जमिनीवर अंथरायचा मल्चिंग पेपर त्याचे असतात. बागेवरचा एकसंध कागद बहुधा एलडीपीई-एलएलडीपीईच्या मिश्रणाचा असतो. विणलेले आच्छादन असेल तर एचडीपीईच्या पट्ट्या आणि वर एलडीपीईचा लेप.

आता ऊन काय करते ते पाहू. साखळी झाल्यावर तिच्यात दुहेरी बंध उरत नाही, त्यामुळे अगदी शुद्ध पॉलिथिन जमिनीवर पोचणारे अतिनील किरण शोषतच नाही. पण यंत्रात सुमारे २०० अंशांवर वितळवून कागद ओढताना थोडासा ऑक्सिजन साखळीला लागतो, आणि तीच ठिणगी ठरते. ऑक्सिजन लागलेली जागा किरण शोषते, बंध तुटतो, फ्री रॅडिकल म्हणजे मोकळ्या हाताचा, दिसेल त्याला धरणारा तुकडा तयार होते. ते हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जाऊन शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढते, तिथे पेरॉक्साइड हे सहज फुटणारे संयुग तयार होते, ते फुटून आणखी दोन रॅडिकल. एकाचे दोन, दोनाचे चार असा हा वणवा आहे. फांदी जिथे फुटते तिथला हायड्रोजन सर्वांत सहज सुटतो. पॉलिप्रोपिलीनमध्ये तर एकाआड एका कार्बनवर अशी जागा असते. राखण न केलेली खताची रिकामी गोणी एका उन्हाळ्यात भुगा होते ती यामुळेच.

कागद कडक का पडतो हेही यातच आहे. पॉलिथिनमध्ये काही भाग घट्ट रचलेले स्फटिक असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे साखळ्यांचे सैल धागे असतात. ऑक्सिजन स्फटिकात शिरत नाही, सैल धाग्यांत शिरतो. कागदाची सगळी लवचिकता त्या धाग्यांवर असते. त्यामुळे हजारो बंधांपैकी मोजके तुटले तरी कागद मोडायला लागतो, डोळ्यांना मात्र तो अजून चांगला दिसतो. तुटलेले तुकडे मोकळे होऊन नव्याने स्फटिकात जाऊन बसतात, म्हणून कडकपणा आणखी वाढतो.

हा वणवा थांबवायला पारदर्शक कागदात हाल्स नावाची अमाइन जातीची रसायने मिसळतात. ती किरण अडवत नाहीत, रॅडिकल पकडतात, आणि पकडून झाल्यावर पुन्हा मूळ रूपात येतात, म्हणून थोडक्या मात्रेत वर्षानुवर्षे काम करतात. त्यांचे वर्म एकच आहे: अमाइन हे अल्कधर्मी असते. आम्ल भेटले की त्याचे क्षार होतात आणि ते जागच्या जागी निकामी होते.

आम्ल येते कुठून? गंधकातून. फवारलेले गंधक आच्छादनाच्या आतल्या बाजूला बसते आणि ऊन, दमटपणा व उष्णतेत त्यातून सल्फर डायऑक्साइड व सल्फ्युरिक आम्ल तयार होते. त्यात आच्छादनाखाली भुरी वाढते, कारण पाऊस अडल्याने डाऊनी (केवडा रोग) कमी होतो पण भुरीला ओल्या पानाची गरज नसते. म्हणजे कागद टाकला की गंधकाच्या फवारण्या वाढतात आणि गंधक कागदाला खाते. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या रेणूतही गंधक आहे. क्लोरोथॅलोनिलसारख्या औषधांतले क्लोरीनही तोच त्रास देते. बोर्डोतले (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणातले) तांबे वेगळ्या वाटेने घात करते: पेरॉक्साइड फोडायला ते उत्प्रेरक ठरते. कोणतेही औषध सोडा असे मी म्हणत नाही. बाग आधी, कागद नंतर. पण बोर्डो शक्य तितके कागद चढवण्याआधी उरका. फवारणीच्या ब्लोअरचा झोत वर कागदावर न मारता घडांच्या पातळीला ठेवा. गंधकाच्या फवारणीनंतर दोन-तीन दिवसांनी कागदाची आतली बाजू साध्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवा. धुरी किंवा धुरळणीच्या रूपातले गंधक कागदाला सर्वांत वाईट. भुरीसाठी गंधकाला पर्याय शोधायचा तर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत बसणाराच घ्या, नाहीतर कागद वाचेल आणि औषधाच्या अंशापायी निर्यातीचा माल अडकेल.

तारेच्या रेषेतच का फाटला, याला दुसरे कारण आहे. लोखंडी पाइप आणि तार दुपारी हवेपेक्षा खूप जास्त तापतात, आणि वरचा वणवा तापमानाबरोबर वेगाने वाढतो. गंज असेल तर लोहही तांब्यासारखेच काम करते. कागद टेकतो त्या बाजूला पाइपला पांढरा पाण्यातला रंग द्या, पूर्ण वाळू द्या, मगच कागद चढवा. तेलरंग नको, त्यातले द्रावक कागदात मुरते. ताण सारखा ठेवा. सैल कागद वाऱ्यात फडफडतो आणि प्रत्येक फडफडीला तारेवर घडी पडते.

शेततळ्याच्या कागदात दोन ते तीन टक्के काजळी असते. ती किरण शोषून त्यांची उष्णता करते, तिथेच गोष्ट संपते. बराचसा कागद पाण्याखाली गारही राहतो. म्हणून तो जातो तेव्हा पाण्याच्या रेषेवर आणि बांधाच्या माथ्यावर आधी जातो, तिथे दरवर्षी हात फिरवून पाहा. बागेवर काजळी चालत नाही, वेलाला उजेड हवा. शिवाय काळा म्हणजे चांगला असेही नाही, भंगारातून पुन्हा केलेला मालही काळाच असतो. शेततळ्यासाठी ५०० मायक्रॉनचा, आयएस १५३५१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला घ्या. त्याला भोक पडले तर पीव्हीसीचे सोल्युशन लावू नका. पॉलिथिनच्या साखळीत चिकटायला काही धरच नाही, दुसऱ्या दिवशी पापुद्रा सुटून येईल. जागा धुवून, पुसून, कोरडी करून त्याच जातीचा तुकडा गरम हवेच्या गनने जोडावा लागतो.

नवा कागद घेताना ‘यूव्ही’ या छापील शब्दावर जाऊ नका. तीन गोष्टी लेखी मागा. एक, हमी किती किलोलँगलीची आहे (हे पडलेल्या उन्हाच्या ऊर्जेचे माप). वर्षे म्हणजे कुठल्या उन्हातली वर्षे, हा प्रश्न उरतोच. नाशिक भागात वर्षाला साधारण १६० ते १८० किलोलँगली ऊन पडते, मध्य युरोपात याहून बरेच कमी. तीन वर्षांसाठी निदान ५०० किलोलँगली लागतील. दोन, गंधकाला किती सहनशील आहे. हमीपत्रात कागदात मुरलेल्या गंधकाची आणि क्लोरीनची मर्यादा लिहिलेली असते, ती ओलांडली की हमी रद्द. कमी अल्कधर्मी असलेला नॉर-हाल्स प्रकार किंवा निकेलचे स्थिरक वापरलेला कागद गंधकापुढे जास्त टिकतो. निकेलवाल्याला हिरवट-पिवळी झाक असते. तीन, जाडी. ती स्वतः तपासता येते: १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून सराफाच्या काट्यावर तोला. एकसंध २०० मायक्रॉनचा असेल तर १.८४ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. १.५ ग्रॅम भरला तर तो १६० मायक्रॉनचा आहे, आणि तुम्ही पैसे २०० चे देत आहात.

एलडीपीई की एचडीपीई हे पाहायचे असेल तर ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल चार भाग आणि पाणी तीन भाग मिसळा. घनता ०.९४ च्या जवळ येते. साबणाचा हात लावून बुडबुडे काढलेला तुकडा त्यात सोडा. एलडीपीई आणि एलएलडीपीई तरंगतात, एचडीपीई बुडते. विणलेल्या कापडाला हे लागू नाही, त्यात दोन्ही असतात. जवळ आग नको. साध्या पाण्यातच बुडला तर त्यात चुन्याच्या भुकटीची भर तरी आहे, नाहीतर तो पीव्हीसी आहे.

कागद किती उरला आहे हे कळण्याची खरी कसोटी ताणण्याची. खरेदीच्या दिवशी एक हात लांबीचा तुकडा कापून, तारीख लिहून, अंधाऱ्या कपाटात ठेवा. दर हंगामाआधी त्यातली आणि बागेवरच्या कागदातली एकेक पट्टी घ्या, १ सेंटिमीटर रुंद, मध्ये ५ सेंटिमीटरवर दोन खुणा. तुटेपर्यंत हळू ओढा. नवा एकसंध कागद चौपट-पाचपट लांबतो. बागेवरचा त्याच्या निम्म्यानेही लांबत नसेल तर तो संपला आहे, दिसायला कितीही स्वच्छ असो. अशा कागदावर आणखी एक अवकाळी काढायचा धोका पत्करू नका. विणलेल्या कापडाच्या पट्ट्या आधीच ओढलेल्या असतात, ते फारसे लांबतच नाही; तिथे दुमडून चुरगाळा आणि भुकटी पडते का ते बघा.

उतरवलेला कागद बांधावर जाळू नका, काजळी आणि विषारी धूर घडांवर बसतो. धुवून, वाळवून भंगारवाल्याला द्या. मातीने भरलेल्या कागदाला तो भाव देत नाही. पुढच्या हंगामासाठी ठेवायचा असेल तर पूर्ण कोरडा करून सावलीत गुंडाळा. उन्हात रचलेल्या गठ्ठ्यात घड्यांमध्ये उष्णता आणि ओल कोंडते, आणि कागद बागेवर न चढताच म्हातारा होतो.