कवितेची वृत्तं शिकताना आधी एवढंच कर

अगं, गणांची, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या गटांची, कोष्टकं पाठ करायची घाई नको. आधी आपलं गावच मोज. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची मात्रा 1; दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या मात्रा 2. 'सोलापूर': गुरू, गुरू, गुरू, लघु, मात्रा 7. 'सिद्धेश्वर'मधला 'सि' ऱ्हस्व, पण पुढच्या जोडाक्षराचा आघात येतो म्हणून गुरू. नवशिके हमखास इथेच चुकतात.

मग अभंग लिही. तिथे मात्रा नव्हे, अक्षरं मोजायची: 6-6-6-4. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात:

पहाटेच्या वेळी
मागाची ती लय
शब्दा देते सय
हलकेच

यमकासाठी अर्थ मात्र वाकवू नकोस. आपल्या सोलापूरच्या शाहीर राम जोशींच्या लावण्या मोठ्यानं वाच, कान तयार होतो. भुजंगप्रयात हे गणांचं वृत्त पुढच्या महिन्यात बघू. चार ओळी लिहून दाखव, मी नक्की वाचेन.