खुब्याचा सांधा बदलण्याआधी आईचे वजन उतरवण्यासाठी थांबावे का?

आपण लिहिले आहे की परभणीजवळच्या गावी राहणाऱ्या आपल्या आईंचा उजवा खुबा पूर्ण झिजला आहे, त्यांचे वय 63, उंची 152 सेंटिमीटर आणि वजन 92 किलो आहे, त्यांना मधुमेह आहे, आणि एक डॉक्टर आधी वजन उतरवा म्हणतात तर दुसरे लगेच सांधा बदलायला तयार आहेत. या भागात फिजिओथेरपिस्ट म्हणून बरीच वर्षे अशा रुग्णांबरोबर काम केले असल्यामुळे सविस्तर लिहितो. अंतिम निर्णय अर्थातच आईंना प्रत्यक्ष तपासणाऱ्या शल्यविशारदांचा आणि त्यांचा स्वतःचा.

या आकड्यांवरून आईंचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा, 39.8 येतो. अनेक शल्यविशारद 40 ही सीमा मानतात. खुबा व गुडघा बदलणाऱ्या अमेरिकी शल्यविशारदांच्या संघटनेच्या समितीने 2013 मध्ये 40 च्या पुढे शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्याचा विचार करावा असे सुचवले, तर ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार केवळ वजन जास्त आहे म्हणून कुणाला सांधाबदलापासून दूर ठेवू नये. म्हणजे आपल्याला मिळालेली दोन्ही मते वैद्यकशास्त्रात आहेत, आणि आई नेमक्या त्या सीमेवर आहेत. मात्र 40 पाशी धोका एकाएकी सुरू होत नाही, तो हळूहळू चढत जातो.

वजनदार माणसाचा कृत्रिम सांधा लवकर झिजतो आणि त्याचे दुखणेही जात नाही, असा समज आपल्याकडे फार आहे. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो हे खरे, पण सांध्याची झीज किती पावले पडतात यावरही ठरते आणि जड व्यक्ती बहुधा कमी चालते, त्यामुळे ही भीती वाटते तेवढी मोठी नाही. वेदनेचे म्हणाल तर जाड रुग्णांना मिळणारा आराम इतरांना मिळतो जवळपास तेवढाच असतो. फक्त त्यांची सुरुवात अधिक वाईट अवस्थेतून होत असल्याने शेवटी चालण्या-फिरण्याची क्षमता थोडी कमी राहते.

खरी चिंता जंतुसंसर्गाची आहे. खुब्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सांध्यापर्यंत पोहोचणारा संसर्ग साधारण शंभरात एखाद्याला होतो, आणि बीएमआय 40 च्या पुढे गेल्यावर ही शक्यता दुपटीहून अधिक होते. चरबीच्या थराला रक्तपुरवठा कमी असतो, चीर मोठी घ्यावी लागते, शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागतो, जखमेतून स्राव अधिक दिवस येत राहतो, आणि जोडीला मधुमेह असला की जखम भरायला आणखी उशीर होतो. एकदा सांध्याच्या आत पू झाला तर पुन्हा शस्त्रक्रिया, प्रसंगी बसवलेला सांधा काढून ठेवणे आणि महिनोन्‌महिने औषधे, असा तो प्रवास असतो. तो पाहिलेला कोणीही थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरांना दोष देणार नाही. सांधा निखळणे आणि पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होणे हे धोकेही वाढतात, पण त्यांची काळजी घेण्याचे मार्ग तुलनेने सोपे आहेत.

म्हणून मी वजनकाट्याइतकेच लक्ष इतर तीन गोष्टींकडे द्यायला सांगेन. पहिली साखर: एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, साडेसात-आठ टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय तारीख घेऊ नये. दुसरी त्वचा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पोटाच्या आणि जांघेच्या घडीत घाम साचतो, तिथे चिघळते किंवा गजकर्ण होते, आणि लाजेपोटी बायका ते कुणाला दाखवत नाहीत. चीर तिथून जवळच असते, विशेषतः पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया करणार असतील तर. त्यामुळे तो भाग पूर्ण बरा होईपर्यंत थांबायलाच हवे. आईंना हे आपल्या पत्नीने किंवा बहिणीने मोकळेपणाने विचारावे.

तिसरी गोष्ट आहार, आणि इथेच सर्वाधिक नुकसान होताना मी पाहतो. वजन उतरवा म्हटले की घरात जेवण तोडले जाते, उपवास वाढतात, उपवासाला साबुदाणा आणि भगर चालते, आणि परिणामी प्रथिने घटून साखर मात्र चढते. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन साडेतीनच्या (ग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेले तर जखम नीट भरत नाही, मग वजन कितीही उतरलेले असो. याच कारणाने अगदी कृश रुग्णांनाही या शस्त्रक्रियेत धोका अधिक असतो. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर रोज 60 ते 70 ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत: घट्ट वरण, मोडाची मटकी, दही, सोयाबीन, चालत असतील तर अंडी. ज्वारीची भाकरी राहू द्या, पण मोजून. दिवसभराचा साखरेचा चहा आणि भाजीवरचा तेलाचा तवंग आधी कमी करा. दुखऱ्या खुब्यावर चालून वजन उतरत नाही, म्हणून व्यायाम खुर्चीत बसून हातांचे आणि पलंगावर पडून मांडीच्या स्नायूंचे द्यावेत, व काठी डाव्या हातात धरायला शिकवावी.

माझे मत विचाराल तर तीन-चार महिन्यांची मुदत घालून घ्यावी. त्यात आठ-नऊ किलो उतरले तर बीएमआय 36 च्या आसपास येतो, आणि ते बरेच झाले. तेवढे उतरले नाही, पण साखर, त्वचा आणि अल्ब्युमिन ठीक असले, तर डॉक्टरांशी बोलून शस्त्रक्रिया करून घ्यावी. कारण वर्षानुवर्षे थांबलेला रुग्ण अंथरुणाला खिळतो, मांडी वाळते आणि वजन उलट वाढते. शस्त्रक्रियेनंतर हालचाल वाढून वजन आपोआप उतरेल, या भरवशावरही राहू नये. बहुतेकांचे ते उतरत नाही.

वजनासाठी थांबण्याचा हा सगळा विचार झिजलेल्या सांध्यापुरता आहे. दुर्दैवाने आई पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले, तर वजन कितीही असले तरी शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी.