नंबर २७ आणि वेळ ११.४०

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या असून त्यांना रुमॅटॉइड आर्थ्रायटिस प्रकारचा संधिवात आहे. आम्ही कराडला राहतो आणि त्यांना पुण्यातील एका संधिवाततज्ज्ञांना दाखवतो. पुढील महिन्याच्या सर्व अपॉइंटमेंट तिथे २५ तारखेला सकाळी नऊ वाजता फोनवर देण्यास सुरुवात होते. मी, माझे यजमान आणि मुलगा असे तिघे तीन मोबाइलवरून फोन लावत बसतो. पाऊण तास फोन व्यस्त असल्याचे ऐकावे लागते आणि लागतो तेव्हा ‘सगळे फुल झाले’ एवढे सांगून तो ठेवला जातो. अ‍ॅपवर पाहावे, तर त्या डॉक्टरांच्या नावापुढे एकही दिवस मोकळा दिसत नाही. मागच्या खेपेस ११.४० ची वेळ मिळाली म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. दहाला सुरू होणाऱ्या ओपीडीत डॉक्टर साडेबाराला आले, आमचा नंबर २७ वा निघाला आणि सव्वातीनला आम्ही आत गेलो. मधल्या वेळात औषध कंपन्यांचे दोन प्रतिनिधी (एमआर) आणि कुणाच्या तरी ओळखीने आलेले एक कुटुंब आमच्या आधी आत जाऊन आले. सहा मिनिटांत तपासणी झाली आणि ‘दोन महिन्यांनी रक्ताचे रिपोर्ट घेऊन या’ असे सांगण्यात आले. म्हणजे पुन्हा २५ तारीख आणि पुन्हा तो फोन. यातून मार्ग कोणता आणि याची तक्रार कुठे करता येते का? (एक वाचक, कराड)

उत्तर : तुम्ही पत्रात आकडे दिलेत हे फार बरे केलेत, कारण त्या आकड्यांवरूनच काय घडले ते उलगडते. दहापासून ११.४० पर्यंतची शंभर मिनिटे तुमच्या आधीच्या २६ जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटेही येत नाहीत. प्रत्यक्षात डॉक्टर साडेबाराला बसले आणि तुम्ही सव्वातीनला आत गेलात, म्हणजे १६५ मिनिटांत, एमआर आणि ओळखीची मंडळी धरूनही, २६ रुग्ण झाले. प्रत्येकी सहा मिनिटांहून किंचित अधिक. तुमची तपासणीही सहाच मिनिटांची झाली. याचा अर्थ डॉक्टर आत बसल्यानंतर त्यांच्या नेहमीच्या गतीनेच काम करीत होते. ते दहाच्या ठोक्याला बसले असते, तरी तुमचा नंबर पाऊण वाजण्याच्या सुमारास लागला असता. म्हणून ११.४० ही वेळ कोणी पाळली नाही असे म्हणण्यापेक्षा ती पाळता येण्याजोगी नव्हतीच असे म्हणणे योग्य ठरेल, आणि ती देणाऱ्याला हे ठाऊक असणार.

अशी वेळ दिली जाण्यामागे एक जुनी समजूत आहे. १९५२ मध्ये इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी वेल्च यांच्यासह रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील अपॉइंटमेंटचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला. डॉक्टरांचा एक क्षणही रिकामा जाऊ नये या काळजीपोटी बाहेर गरजेपेक्षा कितीतरी अधिक रुग्ण बसवून ठेवले जातात, असे त्यांना आढळले. त्यांनी सुचवलेला तोडगा साधा होता : सुरुवातीच्या वेळेला दोन रुग्णांना बोलवावे आणि त्यानंतर एका तपासणीला सरासरी जितकी मिनिटे लागतात तितक्या अंतराने एकेकाला, मात्र डॉक्टर वेळेवर येतील हे यात गृहीत होते. आपल्याकडे ही शेवटची अटच मोडते, कारण बहुतेक तज्ज्ञ सकाळी भरती रुग्णांची राउंड आटोपून, अनेकदा दुसऱ्या रुग्णालयातून, ओपीडीत येतात आणि राउंडमध्ये एखादा रुग्ण अत्यवस्थ निघाला की पुढचे सारे कोलमडते. त्या उशिराला मी दोष देणार नाही. साडेनऊला उशीर कळलेला असतानाही कराडहून निघालेल्या माणसाला एक मेसेज न पाठवणे, याला मात्र मी नक्कीच दोष देतो.

मी स्वतः ३४ वर्षे तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस केली आणि लोकांना भरपूर तिष्ठत ठेवले, हे कबूल करायला हवे. माझे कंपाउंडर पितळी बिल्ले देत असत. बिल्ला घेतलेला माणूस ‘आत्ता कितवा चालू आहे?’ एवढे विचारून बाजार करून येत असे, कारण आपल्याला नंबर मिळाला आहे, वेळ नव्हे, हे त्याला स्वच्छ माहीत असे. अ‍ॅपवरील ‘११.४०’ हाही बिल्लाच आहे. फरक इतकाच की त्यावरचा आकडा घड्याळाचा आहे, त्यामुळे माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की पुढची तारीख घेतल्याशिवाय रुग्णालयातून बाहेर पडू नका. डॉक्टरांनी ‘दोन महिन्यांनी’ असे लिहिले की तो कागद घेऊन थेट काउंटरवर जा आणि फॉलो-अपची नोंद तिथेच करून मागा. ‘अजून तो महिना उघडलेला नाही’ असे उत्तर मिळाल्यास पुन्हा आत निरोप पाठवून डॉक्टरांकडून कागदावर निश्चित आठवडा लिहून घ्या. डॉक्टरांच्या हस्ताक्षरातील ओळीला काउंटरवर जो मान मिळतो, तो फोनवरच्या विनवणीला मिळत नाही. यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण फॉलो-अपचा रुग्ण हा नव्याने रांगेत उभा राहणारा माणूस नसून डॉक्टरांनीच बोलावलेला माणूस असतो. त्याला नव्या रुग्णांबरोबर नऊच्या फोनच्या झुंबडीत ढकलणे ही माझ्या मते त्या व्यवस्थेतील सर्वांत मोठी चूक आहे.

ते न साधल्यास फोनची वेळ बदला. सकाळी नऊ वाजता एकच व्यक्ती फोन, केसपेपर आणि बिल असे तिन्ही सांभाळत असते. दुपारी ओपीडी संपल्यावर तीच व्यक्ती शांतपणे बोलते. त्या वेळी ‘अपॉइंटमेंट आहे का?’ असे न विचारता ‘कोणाची रद्द झाली तर आमचे नाव लिहून ठेवाल का? एक दिवस आधी कळवले तरी आम्ही येऊ’ असे विचारा. रद्द होणाऱ्या जागा बऱ्याच असतात, कारण एकाच दुखण्यासाठी तीन डॉक्टरांकडे नाव नोंदवून दोघांना न कळवणारेही आपल्यातच असतात. आणि तारीख पक्की झाल्यावर वेळ विचारू नका. ‘आमचा नंबर कितवा, आणि मागच्या आठवड्यात डॉक्टर प्रत्यक्षात किती वाजता बसले?’ हे दोन प्रश्न विचारा. निघण्यापूर्वी आणि वाटेत साताऱ्याला पोहोचल्यावर पुन्हा एकेक फोन करा.

त्याहून मोलाचा मुद्दा असा की प्रत्येक खेपेला पुण्याला जाण्याची गरज आहे का, हे डॉक्टरांनाच विचारा. या आजारात बहुधा दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांसाठी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठरावीक अंतराने कराव्या लागतात, पण त्या कराडच्या प्रयोगशाळेतही होतात आणि तेथील एमडी फिजिशियन त्या वाचू शकतात. ‘मधल्या तपासण्या गावी, आणि सहा महिन्यांनी प्रत्यक्ष भेट’ अशी वाटणी पुण्याच्या डॉक्टरांनी चार ओळींत लिहून दिली, तर वर्षातील निम्म्याहून अधिक फेऱ्या वाचतील. शिवाय २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, त्याच डॉक्टरांनी त्याच आजारासाठी मागील सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेले असल्यास पुढचा सल्ला फॉलो-अप म्हणून दूरस्थ पद्धतीने देता येतो. तो द्यावा की न द्यावा हे डॉक्टरांनी ठरवायचे असते आणि सांधे हाताने चाचपून पाहणे व्हिडिओवर शक्य नसते. पण रिपोर्ट चांगले असलेल्या खेपेला हा मार्ग पुरेसा ठरतो.

एक इशारा मात्र ध्यानात असू द्या. अशा औषधांवर असताना ताप आला, तोंड आले, धाप लागू लागली किंवा अकारण रक्तस्राव झाला, तर पुण्याच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी कराडमध्येच डॉक्टरांना दाखवा आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या. दुसरे असे की मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. भेट लांबल्यामुळे जुन्या चिठ्ठीवर दुकानातून औषध आणताना ते चुकून रोज घेतले गेल्याने जिवावर बेतते, म्हणून हे इथे लिहितो आहे.

तक्रारीविषयी थोडक्यात. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार तातडीचा प्रसंग सोडल्यास कोणाला तपासावे हे ठरवण्याची डॉक्टरांना मोकळीक आहे, त्यामुळे ‘अपॉइंटमेंट मिळाली नाही’ एवढ्या मुद्द्यावर तक्रार टिकणे कठीण आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली सुधारणा झाली असून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांवर बंधनकारक आहे. रुग्णालयांची नोंदणी करणाऱ्या स्थानिक प्राधिकरणाच्या तक्रार कक्षाचा उपयोग बिल, कागदपत्रे किंवा अडवणूक अशा बाबींसाठी करावा. तुमच्या बाबतीत मी डॉक्टरांच्या नावे एका पानाचे पत्र लिहीन आणि वर मी केलेला हिशेब त्यात तसाच उतरवीन. आपल्या नावावर दाराबाहेर काय चालते हे अनेक डॉक्टरांना खरोखरच माहीत नसते. मलाही ते निवृत्तीच्या दोन वर्षे आधी एका शिक्षिकेच्या पत्रातून कळले होते.

प्रश्न : अ‍ॅपवरून आठशे रुपये आगाऊ भरून त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली. आम्ही गेलो त्या दिवशी डॉक्टर परगावी होते. रुग्णालय म्हणते पैसे अ‍ॅपकडे आहेत, अ‍ॅप म्हणते रुग्णालयाशी बोला. आता कोणाच्या मागे लागावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ज्याने पैशांची पावती दिली, त्याच्या मागे. बँकेच्या किंवा यूपीआयच्या नोंदीत पैसे कोणाच्या नावे गेले ते पाहा आणि त्यांना लेखी कळवा. सोबत अपॉइंटमेंटचा मेसेज जोडा आणि डॉक्टर उपलब्ध नसल्याचे रुग्णालयाकडून एका ओळीत लिहून किंवा ईमेलने मिळाले तर तेही जोडा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. परतावा न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आठशे रुपयांसाठी थेट ग्राहक आयोगापुढे जाण्याआधी ही पायरी पुरते असा अनुभव आहे. ‘पैशांऐवजी पुढची तारीख घ्या’ असा प्रस्ताव आला, तर तो स्वीकारणे किंवा नाकारणे हे तुमच्या इच्छेवर आहे.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेण्यासाठी फोन केला की रिसेप्शनवरील मुलगी ‘काय होतंय?’ असे विचारते. मागे रांगेत बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती माझे शब्द पुन्हा उच्चारते. मी ‘नेहमीची तपासणी’ असे सांगितले, तर पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. खरे कारण असे की पाळी जाऊन सहा वर्षे झाली असताना दोन वेळा थोडे रक्त गेले. हे तिला सांगणे आवश्यक होते का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आवश्यक होते, आणि तरीही तुमचा संकोच पूर्णपणे समजण्यासारखा आहे. तुमचे दुखणे मोठ्याने उच्चारणे ही तिची चूक आहे. डॉक्टर भेटतील तेव्हा हे त्यांच्या कानावर घाला. परंतु ती प्रश्न विचारते तो चौकसपणा म्हणून नव्हे. कोणाला आज बोलवायचे आणि कोणाला पुढच्या महिन्यात, हे तिला तेवढ्या उत्तरावरूनच ठरवावे लागते. तुम्ही ‘नेहमीची तपासणी’ म्हणालात आणि तिने नेहमीच्या तपासणीची तारीख दिली. असा प्रसंग पुन्हा आला तर ‘ही खासगी बाब आहे, मला नर्सशी किंवा डॉक्टरांशी एक मिनिट बोलू द्या’ असे म्हणावे, किंवा रुग्णालयाचा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक असल्यास एका वाक्यात लिहून पाठवावे.

पाळी कायमची गेल्यानंतर, कितीही थोडे का असेना, रक्त जाणे ही गोष्ट लांबणीवर टाकण्याजोगी नाही. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण काही वेळा ती गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असते आणि ते सोनोग्राफी व गरज पडल्यास अस्तराचा नमुना तपासल्यावरच कळते. म्हणून हा अंक हाती पडताच त्याच ठिकाणी फोन करा आणि ‘पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला आहे’ हे पाच शब्द स्पष्ट सांगा. या आठवड्यातली वेळ मिळाली नाही, तर पाच आठवड्यांनंतरची ती तारीख सोडून द्या आणि शहरातील दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा शासकीय रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात सकाळी ओपीडीच्या वेळेत जाऊन केसपेपर काढा. तिथे आगाऊ वेळ घेतलेली नसली तरी त्याच दिवशी तपासतात.