पोलो जीटी टीएसआयला इनटेक (हवा आत घेणारा भाग) आणि मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बसवलाय. रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची (ईसीयूची) सेटिंग बदलणं, कुणाकडून करून घ्यावा?

किती हॉर्सपॉवर वाढेल हे फोनवरच छातीठोकपणे सांगणाऱ्याला आधी यादीतून काढा. चांगला ट्यूनर उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो: कुठलं पेट्रोल भरता, ९१ ऑक्टेन की ९५? स्पार्क प्लग कधी बदलले? क्लच कसा आहे?

तुमची गाडी जुन्या १.२ लिटर इंजिनची असेल, तर खरी मेख गिअरबॉक्सची आहे. ७ स्पीड डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), म्हणजे डीक्यू२००, ड्राय क्लचचा (क्लच तेलात नसलेला) आहे आणि त्याची टॉर्कची मर्यादा २५० न्यूटन मीटर. कंपनीतून गाडी १७५ वर येते. म्हणजे वाव आहे, पण फार नाही. हा आकडा ज्याला तोंडपाठ नाही, त्याच्या हाती ईसीयू देऊ नका.

दुसरं म्हणजे, तयार फाइल टाकून अर्ध्या तासात चावी परत देणारे बरेच असतात. स्टॉक गाडीला ते एकवेळ चालेल. तुमचे पार्ट बदललेले आहेत, त्यामुळे गाडी चालवून लॉग (चालत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद) घेणारा हवा: बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब), हवा-इंधनाचं प्रमाण, नॉकमुळे (इंधन अवेळी पेटल्यामुळे) ठिणगीचं टायमिंग किती मागे जातंय. ते लॉग मागून घ्या. टाळाटाळ झाली तर निघून या. मूळ फाइलची कॉपीही आधीच ताब्यात घ्या, नंतर गयावया नको.

डायनो (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) असला तर उत्तमच, पण नुसता डायनो म्हणजे कसब नव्हे.

वॉरंटी जाईल हे धरूनच चाला. डाउनपाइपमध्ये कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नसेल तर पीयूसी आणि गाडीतल्या फेरबदलांवरचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, दोन्ही आडवे येतात.