रिपोर्ट बाजूला ठेवा, आई किती चालतात ते सांगा

तुमच्या आई ६८ वर्षांच्या, एमआरआयमध्ये एल४-एल५ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी) ‘सीव्हियर कॅनाल स्टेनोसिस’, म्हणजे नसांची नळी फार अरुंद झालेली; एक डॉक्टर ऑपरेशन करून स्क्रू टाकू म्हणतात, दुसरे इंजेक्शन, आणि कुणाचं ऐकायचं हे तुम्ही विचारलंत. चार वर्षांपूर्वी मी याच फेऱ्यात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मंडईत दर तिसऱ्या गाळ्यापाशी मी वाकून मेथी चाळत बसायचो, घ्यायची नसली तरी. वाकलं की पायातल्या मुंग्या ओसरायच्या. पुढे वाकल्यावर मणक्यातली नळी थोडी मोकळी होते, ताठ उभं राहिलं की आवळते. म्हणून पायी चालणं जमत नसताना सायकल मात्र झकास चालायची! आईंचे पाय नुसतं उभं राहूनच बरे होत असतील, तर रक्तवाहिन्याही तपासून घ्या.

‘सीव्हियर’ शब्दाने हबकू नका. काहीच त्रास नसलेल्यांचीही नळी एमआरआयमध्ये अरुंद दिसते. आई न थांबता किती चालतात, निर्णय त्यावर घ्या.

घाई नसेल तर आधी तीन महिने फिजिओथेरपी नेटाने करा: गुडघे छातीशी घेणं, पोटाचे व्यायाम, जागेवरची सायकल. प्रेगाबालिनने (नसांच्या दुखण्यावरचं औषध) मला फक्त झोप आली. मणक्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने जेमतेम महिनाभर बरं वाटलं. अमेरिकेत ४०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१४) सहा आठवड्यांनी नुसत्या भुलीच्या औषधाच्या इंजेक्शनपेक्षा त्यात स्टेरॉइड घातल्याचा फारसा जास्त फायदा दिसला नव्हता. आईंना मधुमेह असेल तर स्टेरॉइडने काही दिवस साखर चढते, तेही धरून चाला.

ऑपरेशनच करायचं ठरलं, तर स्क्रू कशासाठी, हे स्पष्ट विचारा. नुसती नळी मोकळी करणं वेगळं आणि स्क्रूने मणके जोडणं वेगळं. स्वीडनमधल्या २०१६च्या अभ्यासात मणके जोडलेल्यांना दोन वर्षांनी जास्त फायदा झालेला नव्हता. मणका सरकत असेल तर गोष्ट वेगळी, पण ते पाहायला उभं राहून, पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढतात. तो काढलाय का?

मात्र लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर हे सगळं विसरून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

माझं ऑपरेशन झालं, पण स्क्रू टळले. आता पाऊण तास सलग चालतो. कंबर अजूनही सकाळी धरते, डाव्या पायाच्या अंगठ्याचा बधिरपणा तर गेलाच नाही. ऑपरेशन पायासाठी असतं, कंबरेसाठी नाही, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.