हीटर गळतोय, म्हणून ठेव मोडायची का?

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र, थोडक्यात: "आजोबांनी घेतलेली १९५८ ची मॉरिस मायनर १००० मोटार आमच्याकडे आहे. महिन्यातून दोन-तीनदा बेळगावला काढतो. सध्या डाव्या बाजूची चटई ओली होते, काचेवर आतून वाफ धरते, रेडिएटरचं पाणी उतरतं. मेस्त्री म्हणतो, हीटर गेला. हीटर, रेडिएटर, वायरिंग सगळं एकदम करू, ८५ हजार. सौहार्द सोसायटीत (इकडची सहकारी पतसंस्था) ९ टक्क्यांची दोन लाखांची ठेव आहे, आठ महिन्यांनी सुटते. ती मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीची आहे. मोडू का? कोल्हापूरची एक पार्टी गाडी साडेतीन लाखांना मागते. पुण्याचा भाऊ म्हणतो, देऊन टाक. आर.सी. अजून आजोबांच्याच नावावर आहे."

दादा, ठेव मोडू नका. गाडीही घाईत देऊ नका. ८५ हजारांत तीन वेगळी कामं एका गाठोड्यात बांधली आहेत, आणि त्यातलं निकडीचं एकच आहे, गळती. गाडीचा हीटर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो, म्हणून तो गळला की आतली चटई भिजते आणि रेडिएटरचं पाणी उतरतं. पण ती नेमकी कुठून होते हे तुमच्या पत्रावरून तरी कुणी पाहिलेलं दिसत नाही. रोग कळायच्या आधी औषधाचं बिल आलंय.

खानापूरकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार? साठ-पासष्ट वर्षांच्या गाडीत काचेच्या रबरातूनही पाणी येऊन चटई भिजते. म्हणून आधी गाडी कोरड्या शेडमध्ये ठेवा, चटई काढा, खाली वर्तमानपत्र पसरा. इंजिन गार असताना रेडिएटरची पातळी बघा, गाडी थोडी फिरवून आणा आणि पुन्हा गार झाल्यावर बघा. रेडिएटरमध्ये कूलंट असेल, तर कागदावरचा डाग बोटाला चिकट लागेल आणि आत गोडसर वास येईल. आपल्याकडे जुन्या गाडीत नुसतं विहिरीचं पाणी घालायची सवय असते. तसं असेल तर डाग गंजासारखा तांबूस दिसेल. आणि हीटरच्या आतल्या नळ्या त्याच पाण्याने खाल्ल्या गेल्या असण्याची शक्यताही मोठी.

हीटरचंच पाणी आहे असं ठरलं, तरी हीटर गेला असं लगेच म्हणू नका. रबरी होज तडकला असेल, क्लिप सैल झाली असेल. कुणी रेडिएटरला आजच्या गाडीचं झाकण लावलं आहे का, तेही बघा. तुमच्या गाडीचं मूळ झाकण कमी दाबाचं असतं. जास्त दाबाचं बसवलं की जुना सांधा आधी सुटतो. होज, क्लिप, झाकण हा सगळा शेकड्यातला खर्च आहे.

तिथेही काही सापडलं नाही, तर हीटर तात्पुरता बाजूला काढायचा. गरम पाणी सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला असलेल्या कॉकमधून हीटरकडे जातं आणि रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये परत येतं. बरेच जण नुसता कॉक बंद करून मोकळे होतात. पण परतीच्या बाजूने हीटरवर दाब राहतोच, म्हणून गळती थांबत नाही. कॉकचं तोंड आणि परतीची नळी एका होजने थेट जोडायला सांगा. काम तासाभराचं आहे. हीटरचा डबा मात्र भंगारात देऊ नका. गाडी मूळ रूपात आहे यालाच किंमत असते.

यात तुमची गैरसोय किती? डिसेंबरच्या पहाटे स्वेटर घाला. खरी अडचण पावसाळ्यात येईल, जांबोटीवरून चोर्ल्याकडे जाताना काचेवर धुकं धरतं आणि ते घालवायला हीटर लागतो तेव्हा. त्या वाटेने जात असाल तर पुढच्या पावसाआधी हीटर दुरुस्त करून घ्या. या काळातल्या हीटरची जाळी तांब्या-पितळेची असते. रेडिएटर झाळणारा माणूस तिला डाग देऊ शकतो. बेळगावात उद्यमबागेच्या आसपास चौकशी करा. हीटरचा डबा डॅशबोर्डच्या खाली असतो, त्यासाठी सगळा डॅशबोर्ड उतरवायची गरज नाही, हे मेस्त्रीला ठामपणे सांगा. गळती बुजवायची पावडर रेडिएटरमध्ये टाकू देऊ नका, ती बारीक नळ्याच बुजवते. काहीच न करता गाडी चालवत राहिलात, तर मात्र पाणी संपून इंजिन तापेल, हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं पॅकिंग) जाईल, आणि तेव्हा ८५ हजार स्वस्त वाटतील.

आता पैशाचं. मुलाच्या फीचा पैसा गाडीत घालायचा नाही, त्याला माझ्याकडे पर्याय नाही. ठेव मुदतीआधी मोडली की ठरलेला व्याजदर मिळत नाही. समजा त्याच ठेवीवर ११ टक्क्यांनी ८५ हजारांचं कर्ज काढलंत, तर आठ महिन्यांचं व्याजच सव्वासहा हजारांच्या आसपास जातं. वायरिंग जुनी असेल तर तिचं काम खरंच करायला हवं, पण ते पुढच्या वर्षी, महिन्याच्या शिलकीतून. आणखी एक, तुम्ही विचारलं नसलं तरी सांगतो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विमा असतो. सौहार्द सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. ठेव सुटली की फीचा भाग बँकेत ठेवा.

विकण्याबद्दल भावाचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण आज ती गाडी तुमची एकट्याची नाही. मालक वारल्यावर ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. तुमच्याकडे ते राहूनच गेलं. आधी सगळ्या वारसांची संमती लेखी घ्या, आत्या असतील तर त्यांचीही. तोवर साडेतीन लाख हा आकडा तुमच्या हिशोबात धरू नका. विम्याची पॉलिसी कुणाच्या नावावर आहे तेही आजच बघा. उद्या अपघात झाला तर दावा तिथेच अडेल. पुढे गाडी महाराष्ट्रात जाणार असेल तर बेळगावच्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी. (ना हरकत दाखला) लागेल. स्वतःच्या वापरातली गाडी विकून झालेल्या नफ्यावर साधारणपणे भांडवली नफ्याचा कर लागत नाही, तेवढी बाजू सोपी आहे.

२०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीही आहे. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्ही बाजारहाटाला बेळगावला नेता, म्हणून तुमच्यासाठी ती मला तूर्त नको वाटते.

कोल्हापूरच्या पार्टीला एवढंच कळवा, कागद नावावर झाल्यावर बोलू. त्यांना गाडी खरंच हवी असेल तर थांबतील. आणि मेस्त्रीकडून त्या तीन कामांचे तीन वेगळे अंदाज लिहून घ्या.